‘लाईटबिल धरून’ भाडं: एक पेपर वाचताना विचारायचे प्रश्न

पीएचडीला प्रवेश मिळाला की बहुतेक जण दोन शोध एकदमच सुरू करतात. एक गाईडचा, दुसरा रूमचा. गाईड शोधताना आपण पेपर वाचतो, आणि रूम शोधताना पाट्या. पुण्यात विद्यापीठाच्या आसपास, म्हणजे औंध, खडकी, पाषाण, मॉडेल कॉलनी या भागात फिरलात तर एक ओळ पुन्हा पुन्हा दिसेल किंवा ब्रोकरकडून ऐकू येईल: ‘कॉट बेसिस, लाईट-पाणी-वायफाय सगळं धरून.’ नव्या माणसाला हे फार बरं वाटतं. एकच आकडा, दर महिन्याला ठरलेला, बिलांची कटकट नाही.

या एका ओळीवर जगात बरंच संशोधन झालंय. त्यातला एक पेपर आज आपण नीट, टीकेच्या नजरेने वाचणार आहोत. माझा विषय रसायनशास्त्र, अर्थशास्त्र नाही. पण दुसऱ्या विषयाचा पेपर वाचणं हा संशोधनाच्या तयारीतला फार उपयोगी व्यायाम आहे. परिभाषेच्या आड लपता येत नाही, त्यामुळे ‘हे यांना कसं कळलं?’ हा मूळ प्रश्न विचारावाच लागतो.

पेपर काय म्हणतो

पेपर आहे अरिक लेविन्सन आणि स्कॉट नीमन यांचा. 2004 साली ‘रिसोर्स अँड एनर्जी इकॉनॉमिक्स’ या जर्नलमध्ये आला. विषय: घरमालक ऊर्जेचं बिल भरत असेल तर भाडेकरू ऊर्जा कशी वापरतात. विदा अमेरिकेतला, तिथल्या सरकारी सर्वेक्षणांमधला. एक सर्वेक्षण घरगुती ऊर्जावापराचं, दुसरं घरांचं आणि भाड्यांचं.

सुरुवातच एका कोड्यापासून होते. अमेरिकेतल्या साधारण पाव अपार्टमेंट्समध्ये ऊर्जेचा खर्च भाड्यातच धरलेला असतो. अशा घरात राहणाऱ्याला एक जादा युनिट जाळायला एक पैसाही जादा पडत नाही. मग तो उधळपट्टी करणार हे उघड आहे. आणि ते उघड असेल तर घरमालक असा करार करतात तरी का? तोट्याचा धंदा इतकी वर्षं टिकतो कसा?

उत्तराचे दोन भाग आहेत. पहिला: बिल भाड्यात असलेले भाडेकरू हिवाळ्यात घराबाहेर असताना हीटिंग इतरांपेक्षा 1 ते 3 अंश फॅरनहाइट जास्त ठेवतात. दुसरा: ‘सगळं धरून’ घरांचं भाडं तशाच पण वेगळं बिल असलेल्या घरांपेक्षा जास्त असतं, मात्र हा फरक प्रत्यक्ष वापरलेल्या ऊर्जेच्या खर्चाइतका नसतो. म्हणजे घरमालकाला पूर्ण पैसे वसूल होत नाहीत. ही तूट कशाने भरून निघत असेल, याच्या काही शक्यता ते मांडतात. उदाहरणार्थ, सगळ्या इमारतीला एकच मीटर असेल तर खर्च वाचतो. किंवा, ‘माझी इमारत ऊर्जा कमी खाते’ हे भाडेकरूला पटवून देण्याचा घरमालकाचा हा मार्ग असतो.

चांगलं काय आहे

टीका म्हणजे फक्त चुका काढणं नव्हे, म्हणून आधी या पेपरची सगळ्यात हुशार जागा बघू.

समजा तुम्हाला कळलं की बिल न भरणारे लोक घर जास्त गरम ठेवतात. यावरून ‘फुकट मिळालं म्हणून उधळलं’ असं म्हणता येईल का? नाही. कदाचित ज्यांना मुळातच जास्त ऊब लागते, तेच असं घर शोधत असतील. घरामुळे सवय लागली की सवयीमुळे घर निवडलं, हे ओळखायचं कसं? पहिल्याला म्हणतात मॉरल हॅझर्ड, दुसऱ्याला सिलेक्शन. तुमच्या प्रबंधात हे दोन शब्द कधी येणार नाहीत कदाचित, पण हा गोंधळ नक्की येईल.

लेखकांनी घरी *नसतानाचं* तापमान बघितलं, हे इथे कामी येतं. घरात असताना ऊब हवी असणं ही आवड झाली. रिकामं घर गरम ठेवण्यात आवडीचा प्रश्नच फारसा उरत नाही. आमच्याकडे प्रयोगशाळेत ब्लँक रीडिंग घेतात: नमुना न टाकता उपकरण काय दाखवतं ते आधी बघायचं. रिकाम्या घराचं तापमान हे तसलंच ब्लँक रीडिंग आहे. नवं उपकरण लागलं नाही, नवा पैसा लागला नाही. सर्वेक्षणात आधीच विचारलेल्या प्रश्नांपैकी योग्य प्रश्न उचलला, इतकंच. हे शिकण्यासारखं आहे.

आता अडवूया

पहिला प्रश्न: मोजलं काय? तापमान थर्मामीटरने मोजलेलं नाही, लोकांनी सांगितलेलं आहे. लोक अंदाजे सांगतात हे ठीकच, अंदाजातली चूक दोन्ही गटांत सारखी असेल तर फार बिघडत नाही. पण ती सारखी असेल का? जो दर महिन्याला बिल भरतो, त्याला आपला आकडा पाठ असतो. जो भरत नाही, तो ‘असेल सत्तरच्या आसपास’ म्हणून मोकळा होतो. चूक एका गटात जास्त आणि दुसऱ्यात कमी असेल, तर एक-दोन अंशांच्या फरकाकडे मी जरा जपूनच बघेन.

दुसरा प्रश्न: सिलेक्शन खरंच गेलं का? रिकामं घर गरम ठेवणं ही आवड नसेल, पण विसराळूपणा असू शकतो. आणि ज्याला बटण बंद करायचं लक्षात राहत नाही, तोच माणूस बिलाची झंझट नको म्हणून ‘सगळं धरून’ घर शोधेल, हे अगदी शक्य आहे. म्हणजे ब्लँक रीडिंगमध्येही थोडा नमुना सांडलेला आहे.

यावर खरा उपाय म्हणजे माणसं तीच ठेवायची आणि नियम बदलायचा. तसा अभ्यास पुढे झाला. मिकाएल एलिंदर, सेबास्टियन एस्कोबार आणि इंगेल पेट्रे यांचा पेपर 2017 मध्ये ‘पीएनएएस’मध्ये आला. स्वीडनमधल्या काही अपार्टमेंट्समध्ये आधी वीज भाड्यात होती, नंतर प्रत्येक घराला आपापल्या वापराचे पैसे लागू झाले. घरं तीच, नियम बदलला. वीजवापर सुमारे 25 टक्क्यांनी घटला.

आता या आकड्याकडे नीट बघा, कारण इथे बरेच जण फसतात. पंचवीस टक्के घट म्हणजे प्रत्येकाने पाव वीज वाचवली असं नाही. घट मुख्यतः आधीपासून खूप वीज वापरणाऱ्या घरांतून आली. बाकीचे आधीही बेतानेच वापरत होते, नंतरही तसेच वापरत राहिले. म्हणजे ‘फुकट मिळालं की माणूस उधळतो’ हे वाक्य सरासरी माणसाबद्दल खरं दिसतं, पण तो सरासरी माणूस त्या इमारतीत कदाचित राहतच नव्हता. थोडे लोक भरपूर उधळत होते, बाकीचे नाही. सरासरीबद्दलचं वाक्य लिहिण्याआधी वितरणाचा आलेख काढायचा, हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

तिसरा प्रश्न: नजर कोणाच्या दिशेने आहे? 2004 च्या पेपरात मोजमाप भाडेकरूच्या वागण्याचं आहे. पण या करारात माणसं दोन. बिल भाडेकरू भरत असेल तर घरमालकाला चांगला पंखा किंवा गळती नसलेला गीझर बसवायचं कारण राहत नाही, त्रास दुसऱ्याच्या खिशाला असतो. याला विभागलेलं हित म्हणता येईल. केनेथ गिलिंगहॅम, मॅथ्यू हार्डिंग आणि डेव्हिड रॅपसन यांनी 2012 साली ‘द एनर्जी जर्नल’मध्ये कॅलिफोर्नियाच्या विद्यावर दोन्ही बाजू एकत्र तपासल्या. बिल स्वतः भरणारे लोक रात्री हीटिंगची सेटिंग बदलण्याची शक्यता जास्त निघाली, आणि मालक स्वतः राहत असलेल्या घरांत उष्णतारोधक थर असण्याची शक्यता भाड्याच्या घरांपेक्षा जास्त निघाली. म्हणजे बिल कोणाकडेही द्या, दुसरी बाजू सैल पडतेच. एकाच बाजूचा सैलपणा मोजून ‘कार्यक्षम करार कोणता’ हे ठरवता येत नाही.

हे निष्कर्ष पुण्यात चालतील का?

पेपर वाचताना हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा, पण विचारायचाच. आपल्याकडे हीटिंग नाही, हा वरवरचा फरक झाला. खरा फरक विजेच्या दराच्या रचनेत आहे.

एका मीटरवर सगळी इमारत चालवली तर खर्च वाचतो, ही तिकडची एक शक्यता. महावितरणच्या घरगुती दरांत मात्र टप्पे आहेत: महिन्याला 100 युनिटपर्यंत एक दर, 101 ते 300 दुसरा, 301 ते 500 तिसरा, त्यापुढे चौथा. प्रत्येक पुढचा टप्पा महाग. पहिल्यापेक्षा दुसरा साधारण दुप्पट. टप्पा मोजला जातो मीटरवर, माणसांवर नाही.

गणित करून बघू. समजायला सोपं जावं म्हणून मी गोल आकडे घेते: पहिला टप्पा 6 रुपये, दुसरा 12, तिसरा 16. स्थिर आकार आणि कर बाजूला ठेवू. एका फ्लॅटमध्ये चार जणी राहतात. महिन्याचा वापर असा: पहिली 40 युनिट, दुसरी 60, तिसरी 80, चौथी 180. एकूण 360, सगळे एकाच मीटरवर.

बिल येईल: 100 युनिटचे 600, पुढच्या 200 चे 2,400, उरलेल्या 60 चे 960. एकूण 3,960. चौघींत समान वाटलं तर प्रत्येकी 990. घरमालक भाड्यात ‘लाईटबिलाचे हजार’ धरतो, ते इथून येतात.

आता प्रत्येकीला स्वतंत्र मीटर असतं तर? पहिलीला 240, दुसरीला 360, तिसरीला 480. चौथी टप्पा ओलांडते, तिला 600 अधिक 960 म्हणजे 1,560. एकूण 2,640.

फरक 1,320 रुपयांचा. वीज तितकीच जळली, तरी. चौथीचे 570 रुपये वाचले, पण पहिल्या तिघींना अनुक्रमे 750, 630 आणि 510 जादा पडले. म्हणजे तिघींच्या खिशातून 1,890 गेले, त्यातले 570 चौथीला मिळाले, आणि उरलेले 1,320 कोणाच्याच उपयोगी पडले नाहीत. फक्त टप्पा वर गेला. चार मीटर म्हणजे चार स्थिर आकार, तेव्हा प्रत्यक्षात फरक यापेक्षा कमी निघेल. पण दिशा तीच.

आता या चौघींत संशोधक कोण असेल? सकाळी नऊला लॅबमध्ये जाऊन रात्री दहाला परत येणारी. तिचा लॅपटॉप लॅबमध्ये चार्ज होतो, चहा कँटीनमध्ये होतो, दुपारचा पंखा विद्यापीठाचा. ती बहुतेक वेळा पहिलीच असते. ‘सगळं धरून’ भाड्यात लॅबमध्ये राबणारी मुलगी घरी बसून एसी लावणाऱ्याचं बिल भरते. स्वीडनच्या आलेखात जे दिसलं, तेच इथे चार कॉटांवर दिसतं.

जे कोणीच मोजलं नाही

इथवरची टीका आकड्यांबद्दल होती. माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे.

हे सगळे पेपर धरून चालतात की बिल भाड्यात गेलं म्हणजे जादा युनिटची किंमत शून्य झाली, आणि भाडेकरू हवं तेवढं वापरायला मोकळा झाला. आपल्याकडच्या रूममध्ये राहिलेल्या कोणालाही विचारा, तो मोकळा झालेला नसतो. गीझर सकाळी सहा ते आठ, त्याचा स्विच बाहेरच्या पॅसेजमध्ये. इस्त्री लावायची नाही. इंडक्शन दिसलं तर जप्त. रात्री अकरानंतर वायफाय बंद. उन्हाळ्यात कूलर आणलात तर महिन्याचे पाचशे वेगळे, आणि टँकर आला तर त्याचेही वेगळे.

घरमालकाने असं वागू नये असं मी म्हणत नाही. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही हेच केलं असतं. वापरावर किंमत लावायची सोय गेली की लगाम दुसरीकडून येतो, तो नियमांच्या रूपात येतो. आणि नियम सगळ्यांना सारखे दिसले तरी सारखे लागू पडत नाहीत. सहा ते आठ गीझर हा नियम दहा ते सहा नोकरी करणाऱ्याला कळतसुद्धा नाही. पण ज्याचा प्रयोग रात्री दीडला संपतो, जो नऊला उठतो, त्याला हिवाळाभर गार पाण्याने आंघोळ करावी लागते. ज्याला परदेशातल्या सहकाऱ्याशी रात्री साडेअकराला ऑनलाईन बोलायचंय, त्याला लॅबमध्येच थांबावं लागतं, आणि मुलगी असेल तर परत येतानाच्या रस्त्याचा, गेट बंद व्हायच्या वेळेचा विचार करावा लागतो.

हा खर्च रुपयांत नाही, तासांत आहे. म्हणून तो भाड्याच्या तक्त्यात दिसत नाही, आणि म्हणूनच ‘सगळं धरून घर इतक्या रुपयांनी महाग की स्वस्त’ अशी तुलना आपल्याकडे अपुरी पडते. दोन सारख्या घरांची तुलना करायची तर घरात कोणत्या वेळी काय वापरता येतं, हेही सारखं असायला हवं. तसं नसेल तर तुलनेत एक चल मोजायचा राहिला. प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत परीक्षक जो प्रश्न हमखास विचारतात, तो हाच: ‘तुम्ही काय स्थिर धरलंय, आणि ते खरंच स्थिर होतं का?’

आणखी एक मुद्दा. ‘ठरलेली रक्कम म्हणजे निश्चिंती’ असं म्हणतात. निश्चिंती कशापासून? बिलात महिन्याला शे-दोनशेची वरखाली होते, त्यापासून. पण संशोधक विद्यार्थ्याची खरी चिंता ती नसते. नेट-जेआरएफ असेल तर 1 जानेवारी 2023 पासून दरमहा 37,000 रुपये आहेत, पण ते दर महिन्याला वेळेवर येतीलच याची खात्री बाळगून कोणी रूम घेऊ नये. फेलोशिपच नसलेले तर कितीतरी. ज्याचं उत्पन्न उशिरा येतं, त्याला गरज पडली की खर्च आवरता यायला हवा. स्वतंत्र मीटर असेल तर पैसे अडकलेल्या महिन्यात तो वापर कमी करून थोडे तरी वाचवू शकतो. ‘सगळं धरून’ भाड्यात तोही मार्ग बंद. म्हणजे हा विमा आहे खरा, पण भलत्याच संकटावरचा.

मग घ्यायची की नाही?

हा पेपर किंवा ही टीका वाचून ‘सगळं धरून’ रूम घेऊच नका, असा निष्कर्ष काढू नका. पहिल्या वर्षी, नव्या शहरात, कोर्सवर्क चालू असताना ती सोयीची पडते. कोणाच्या नावावर कनेक्शन, कोण बिल भरणार, यावरून रूममेटशी भांडणं होत नाहीत, ही काही लहान गोष्ट नाही. तुम्ही स्वतः चौथी असाल, म्हणजे घरूनच काम करणारे, सिम्युलेशन चालवणारे, दिवसभर पंखा-संगणक चालू ठेवणारे, तर तुमचा फायदाच आहे.

फक्त विदा मागा. रूम बघायला जाल तेव्हा मीटर कितींमध्ये एक आहे ते विचारा. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. एका बिलाचा फोटो मागितला तर वर्षभराचं चित्र समोर येतं, मे महिन्याचा आकडा खास बघा. ‘सगळं’ या शब्दात काय काय येतं ते मोजून घ्या: वीज, पाणी, टँकर, वायफाय, सोसायटीचा मेन्टेनन्स, सफाई. गीझरची वेळ विचारा आणि आपल्या प्रयोगाच्या वेळेशी ताडून बघा. पूर्ण फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सवर घेत असाल तर करार नोंदणीकृतच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार तो लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, ‘अकरा महिन्यांचाच तर आहे’ म्हणून सुटका नाही. ‘सगळं’ची यादी त्या करारातच लिहून घ्या.

आणि ज्यांना अजून संशोधनाचा विषय सुचलेला नाही त्यांच्यासाठी: वरच्या तीनही पेपरांनी पैसे, तापमान, युनिटं मोजली. नियमांनी खाल्लेले तास कसे मोजायचे, याचा एक प्रश्नावलीचा कच्चा आराखडा करून बघा. दहा प्रश्नांत बसवा. आपल्या मजल्यावरच्या दहा जणांना विचारा. पाचव्या माणसाशी बोलेपर्यंत तुमच्या लक्षात येईल की तिसरा प्रश्न चुकीचा विचारला होता. तो खोडा, नव्याने लिहा, आणि पुन्हा पहिल्या माणसाकडे जा.